आई-वडिलांना घरी सांभाळायचा महिन्याचा खर्च: पैसा कुठून आणि कसा उभा करायचा

पेशंट बघायला ठेवलेल्या मावशींचा पगार एक तारखेला द्यावा लागतो. उसाचं बिल मात्र वर्षातून दोन-तीन हप्त्यांत येतं. सातारा जिल्ह्यातल्या बहुतेक घरांची खरी अडचण ही आहे. घरात अगदीच पैसा नसतो असं नाही. दोन एकर बागायत असते, हायवेच्या रुंदीकरणात मिळालेली भरपाई कुठेतरी ठेवलेली असते, गावात चार खोल्या असतात, एक भाऊ मुंबईत असतो. पण यातलं काहीही दर महिन्याला हातात पडत नाही. मग वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला की पहिले काही महिने उसनवारीवर जातात, पुढचे सोनेतारणावर आणि त्यानंतरचे भांडणावर.

म्हणून घरात बसून हिशोब करताना ‘आपल्याकडे किती आहे’ यापेक्षा ‘महिन्याला किती येईल’ हे आधी विचारा. खालचं सगळं त्याच प्रश्नाभोवती आहे. उदाहरणं साताऱ्याकडची आहेत, पण सांगली-मिरजेच्या वाचकांना त्यात फारसं काही बदलावं लागणार नाही.

पहिलं काम: खर्च कागदावर

दवाखान्यातून डिस्चार्ज मिळतो त्या दिवशी सगळे औषधांच्या चिठ्ठीकडे बघत असतात. औषधं बहुधा सगळ्यात मोठा खर्च नसतात. मोठा खर्च माणसाचा असतो. बाई दिवसपाळीला हवी, रात्रपाळीला की चोवीस तास, हे एकदा ठरलं की निम्मा हिशोब झाला. तिला साधी मदत करायची आहे, की राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात घातलेल्या नळीने) भरवणं, कॅथेटरची पिशवी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग करणं अशी कामंही आहेत, हेही आधी ठरवा. पहिल्या कामाला समजूतदार मावशी पुरते, दुसऱ्याला शिकलेली सिस्टर किंवा ब्रदर लागतो आणि पगारात मोठा फरक पडतो. नळी फक्त पंधरा दिवसांसाठी असेल तर तेवढेच दिवस सिस्टर ठेवा, कायमची नको.

पुढे सबंध लेखात वापरायला एक काल्पनिक घर घेऊ. कराडजवळचं गाव, आई ७८ वर्षांच्या, उजवी बाजू लुळी पडलेली. समजा महिन्याचा खर्च असा आहे: दिवसपाळीची मावशी १५,०००, डायपर आणि अंडरपॅड ४,५००, औषधं ३,५००, फिजिओथेरपी ३,०००. एकूण २६,०००. रात्री सून बघते. तिच्या कामाचा आकडा यात नाही, तो पुढे येईल.

एकदाचा खर्च वेगळ्या कागदावर लिहा: फाउलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर-खाली होणारा), एअर बेड, कमोड खुर्ची, व्हीलचेअर. यातली एकही वस्तू पहिल्याच आठवड्यात विकत घेऊ नका. पेशंटची गरज दोन महिन्यांत बदलते, आणि वापरलेला बेड परत विकायला गेलं की निम्मेही मिळत नाहीत. बऱ्याच गावांत सेवाभावी संस्था आणि मंडळं रुग्णसाहित्य अनामत रक्कम घेऊन नाममात्र भाड्याने देतात, आणि मेडिकलवाल्यालाही कोण भाड्याने देतं ते ठाऊक असतं. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागणार असेल तर विजेचा आकडा आधीच धरा. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं, म्हणजे चोवीस तास चालवलं तर दिवसाला आठ युनिट आणि महिन्याला अडीचशे युनिट जास्तीचे.

दुसरं काम: त्यांचे स्वतःचे पैसे शोधा

हे काम आपल्याकडे कुणी नीट करत नाही, कारण आई आजारी असताना तिचं पासबुक उघडायला लाज वाटते. वाटू देऊ नका. आईच्या सांभाळाला आईचे पैसे आधी लागले पाहिजेत, मुलांचे नंतर. वारसांसाठी आईचा पैसा राखून ठेवायचा आणि तिचे डायपर उधारीवर आणायचे, हे मला कधीच पटलेलं नाही.

पत्र्याची पेटी काढा आणि एकेक कागद बघा.

पेन्शन असेल तर ती पूर्ण मिळते का ते तपासा. केंद्र सरकारच्या आणि सैन्याच्या पेन्शनमध्ये वयाच्या ८० व्या वर्षापासून मूळ पेन्शनच्या २० टक्के वाढ मिळते, ८५ नंतर ३० टक्के, ९० नंतर ४०, ९५ नंतर ५० आणि शंभरीला मूळ पेन्शन दुप्पट होते. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या आईलाही ती लागू आहे. बँकेकडे तिच्या जन्मतारखेची नोंदच नसेल तर ही वाढ लागायची राहून जाते. जुन्या पेन्शन आदेशावर पत्नीची जन्मतारीख लिहिलेली नसणं हे काही नवलाचं नाही. वडील राज्य सरकारकडे किंवा झेडपीत नोकरीला होते तर हाच प्रश्न कोषागारात किंवा पंचायत समितीत विचारा.

अपशिंगे मिलिटरीसारखी गावं असलेल्या आपल्या जिल्ह्यात माजी सैनिकांचा विषय दोन ओळींत संपणार नाही. पेन्शनर सैनिक आणि त्याच्या पत्नीला ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून औषधोपचार मिळतात, त्यामुळे आपल्या उदाहरणातल्या ३,५०० रुपयांच्या औषधांचा बराचसा भार तिथेच हलका होऊ शकतो. १०० टक्के अपंगत्व पेन्शन असलेल्या आणि दुसऱ्याच्या मदतीवाचून काहीच करता न येणाऱ्या सैनिकाला कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स असतो. सांभाळायला ठेवलेल्या माणसासाठीच तो आहे. मुळात पेन्शनच मिळत नाही अशा, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावरून आलेल्या ६५ वर्षांवरील माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाचं पेन्युरी ग्रँट (हलाखीतल्यांसाठीची मदत) आहे. नोव्हेंबर २०२५ पासून ते महिना ४,००० वरून ८,००० रुपये झालं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर आधी त्याची नक्कल मागवायला लागा, तिला वेळ लागतो.

पाटण-जावळीकडची कितीतरी माणसं मुंबईत गिरणीत, माथाडीत किंवा कंपनीत राबून गावी परतली. कंपनीवाल्यांची ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन असते. तिची किमान रक्कम १,००० रुपये आहे आणि नवऱ्यामागे पत्नीला विधवा पेन्शन मिळते, पण त्यासाठी कुणीतरी दावा करावा लागतो. माथाडींचा प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी त्यांच्या मंडळाकडे असते. जुन्या बँकखात्यांत दहा वर्षं व्यवहार झाला नसेल तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जाते, बुडत नाही. ‘उद्गम’ या पोर्टलवर नाव टाकून शोधता येते आणि मूळ बँकेकडून परत मिळवता येते. मुंबईतल्या पत्त्यावरची, वडिलांनी विसरलेली खाती शोधायला हे पोर्टल चांगलं.

सातबारा आईच्या नावावर असेल तर पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० धरा, म्हणजे महिन्याला हजार रुपये. १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन असलेल्याला मात्र हे मिळत नाही.

तिसरं काम: साठलेला पैसा महिन्याला वळवा

आपल्या उदाहरणातल्या आईंना भरपाईचे २० लाख मिळाले होते. मुलांनी ते पतसंस्थेत दामदुप्पट योजनेत ठेवलेत. सात-आठ वर्षांनी दुप्पट होणारा पैसा आज डायपरला उपयोगी पडत नाही.

पहिली निवड पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. वय ६० पूर्ण असावं लागतं, एका व्यक्तीला जास्तीत जास्त ३० लाख ठेवता येतात, मुदत पाच वर्षं आणि पुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. व्याजदर दर तिमाहीला जाहीर होतो, २०२५ मध्ये तो ८.२ टक्के होता, आणि ज्या दराने खातं उघडलं तो मुदतभर टिकतो. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला जमा होतं. २० लाखांवर तिमाहीला ४१,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १३,६६७. मुदतीआधी मोडता येते. वर्षानंतर मोडली तर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर मोडली तर एक टक्का रक्कम कापून घेतात. खातं आईच्याच नावावर लागतं, मुलाच्या नावाने उघडून ‘आईसाठी’ म्हणता येत नाही, आणि जोडनाव फक्त नवरा-बायकोचंच चालतं.

तिमाहीपर्यंत थांबणं जमत नसेल तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे: एकाच्या नावावर ९ लाख, जोडखात्यावर १५ लाखांपर्यंत, २०२५ मध्ये दर ७.४ टक्के. नऊ लाखांवर दर महिन्याला ५,५५०. मी स्वतः सांगेन की मोठा भाग ज्येष्ठ नागरिक योजनेत आणि थोडा मासिक योजनेत ठेवा, म्हणजे व्याजाच्या तारखा एकमेकांना सांभाळून घेतात.

मुलगा चांगल्या नोकरीत असेल तर त्याला आणखी एक वाट आहे. त्याने स्वतःची मुदत ठेव मोडून ते पैसे आईला बक्षीस म्हणून दिले आणि आईच्या नावाने या योजनेत टाकले, तर बक्षिसावर कर नाही आणि व्याजही आईचंच उत्पन्न धरलं जातं. आईचं एकूण उत्पन्न कमी असल्याने त्यावर बहुधा कर बसतच नाही. २०२५-२६ पासून नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य होतो. वर्षाला एक लाखापेक्षा जास्त व्याजावर पोस्ट किंवा बँक आधीच कर (टीडीएस) कापते, तो कापू नये म्हणून दर एप्रिलला कर लागत नसल्याचं घोषणापत्र (पूर्वीचा १५एच फॉर्म) द्यायचं. याला एक अट मात्र आहे, आणि ती कायद्यातली नाही: ते पैसे आता आईचे आहेत आणि तिच्यामागे नॉमिनी आणि वारस असा प्रश्न येतो, हे भावंडांना आधी सांगून ठेवा.

एलआयसी एजंट तात्काळ पेन्शनच्या योजना घेऊन येतील. आयुष्यभर ठरावीक रक्कम मिळते हे खरं, पण मूळ पैसा अडकतो. आजारी आणि वयस्क माणसासाठी अचानक पैसे काढता येणं जास्त महत्त्वाचं, म्हणून मी ती मागे ठेवीन. कुणी प्रधानमंत्री वय वंदना पेन्शन योजना अजून चालू आहे असं सांगत असेल तर तिथूनच उठा. ती ३१ मार्च २०२३ ला नव्या गुंतवणुकीसाठी बंद झाली.

आता पतसंस्थेबद्दल. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी आईची सगळी पुंजी पतसंस्थेत ठेवणं आपल्या जिल्ह्यांत फार चालतं. बँकेतल्या ठेवींना, मग ती सहकारी बँक असो वा जिल्हा मध्यवर्ती, ठेव विमा महामंडळाचं प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. चेअरमन ओळखीचे आहेत हे संरक्षण मोजायला घेऊ नका.

आणि उसाच्या बिलाचं काय करायचं? कायद्याने ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. कारखाना कधी देतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. हप्ता आला की तो घरखर्चात मिसळू देऊ नका. समजा १,८०,००० हाती आले, तर त्याच दिवशी प्रत्येकी १५,००० च्या बारा मुदत ठेवी करा: एक एक महिन्याची, दुसरी दोन महिन्यांची, अशी बाराव्या महिन्यापर्यंत. दर महिन्याला एक ठेव पिकते आणि मावशींचा पगार निघतो. काउंटरवरचा माणूस बारा पावत्या बघून तोंड वाकडं करेल, करू द्या. मोबाइल बँकिंग असेल तर घरी बसून होतं. व्याजापेक्षा इथे पैसा हाताला लागत नाही हाच फायदा.

सोनेतारणही याच गटात बसतं, पण मर्यादेत: बिल यायला महिना-दोन महिने आहेत आणि तारीख नक्की आहे, तेवढ्यापुरतं. दर महिन्याचा खर्च त्यावर चालवायला गेलात तर वर्षाअखेर दागिनेही जातात.

सरकारी योजना, थोडक्यात

थोडक्यात, कारण घरी सांभाळणाऱ्या माणसाचा पगार देणारी सरसकट सरकारी योजना आपल्याकडे नाही. जे आहे ते असं.

श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना महिना १,५०० मिळतात, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे. अर्ज तलाठी किंवा तहसील कार्यालयात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये थेट खात्यावर येतात. कमोड खुर्चीपुरते म्हणा.

खरा उपयोगी कागद वेगळाच आहे: दिव्यांग प्रमाणपत्र. पॅरालिसिस, पार्किन्सन्स, पाय कापलेला, दृष्टी गेलेली अशा ज्येष्ठांना ते मिळू शकतं. वयामुळे असं झालं म्हणून ते मिळत नाही, असा एक गैरसमज आहे. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्क्यांच्या पुढे प्रमाणपत्र मिळालं की करसवलत मिळते, आणि गावात आणखी एक दार उघडतं: ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मार्च संपायच्या आत ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या. रक्कम छोटी असते, पण हक्काची असते.

आरोग्य विमा कशाला चालतो, कशाला नाही

७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षणही कुटुंबाला ५ लाखांपर्यंत आहे. दोन्ही योजना दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या. घरच्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही. खासगी विम्यातही तसंच: ‘डोमिसिलिअरी’ नावाचं जे कलम असतं ते रुग्णाला हलवता येत नाही किंवा दवाखान्यात जागा नाही अशा वेळी घरी केलेल्या उपचारांसाठी असतं, रोजच्या सांभाळासाठी नव्हे.

तरीही कार्ड आजच काढा. घरच्या सांभाळासाठी बाजूला ठेवलेले पैसे सगळ्यात जास्त वेळा मोडले जातात ते मध्येच न्यूमोनिया झाला, खुब्याचं हाड मोडलं म्हणून. तो खर्च कार्डावर गेला की मावशींचे पैसे शाबूत राहतात.

चौथं काम: जमीन आणि घर

जमीन कसायला घरात कुणी उरलं नसेल तर खंडाने किंवा वाट्याने द्या, पण खंडाचे पैसे आईच्या खात्यावर, शक्य तर दोन-तीन हप्त्यांत घ्या. करार लेखी, मुदतीचा करा आणि ई-पीक पाहणी आईच्याच नावाने होते आहे ना, हे दर हंगामाला बघा. कसणारा पुढे कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती अगदीच खोटी नाही.

विकायची वेळ आली तर ती आईच्या हयातीत आणि आईसाठी विकण्यात कमीपणा नाही, असं माझं मत. मात्र दोन-चार गुंठे मोडून विकता येतीलच असं नाही, तुकडेबंदी कायद्याचं किमान क्षेत्र आधी तलाठ्याकडे विचारा. जमीन वडिलोपार्जित असेल तर बहिणींचा हिस्सा २००५ पासून भावांइतकाच आहे, त्यांच्या सह्यांशिवाय व्यवहार अर्धवट राहतो. कराचं गणित सोपं आहे: ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ग्रामीण म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीपासून दूर. एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या शहरापासून दोन किलोमीटर, एक ते दहा लाखांच्या शहरापासून सहा किलोमीटर. म्हणजे सांगली-मिरजेच्या कडेच्या जमिनीला सहा किलोमीटर मोजायचे.

घरावर पैसा उभा करायचा एक प्रकार म्हणजे रिव्हर्स मॉर्गेज, २००७ पासून आहे. ६० वर्षांवरील घरमालक स्वतःचं राहतं घर बँकेकडे तारण ठेवतो, बँक त्याला दर महिन्याला पैसे देते, हप्ता भरायचा नसतो. दोघेही नवरा-बायको गेल्यावर वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचं, नाहीतर बँक विकून उरलेले पैसे वारसांना देते. मिळणाऱ्या पैशांवर आयकर नाही. सातारा शहरातल्या स्वच्छ कागदांच्या फ्लॅटवर किंवा बंगल्यावर हे जमू शकतं, जरी शाखेतल्या माणसाला समजावून सांगायला दोन खेपा पडल्या तरी. गावठाणातल्या घरावर जवळजवळ अशक्य, कारण हातात फक्त नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराच्या नोंदीचा उतारा, असतो. ड्रोन मोजणीनंतर स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका मिळाली असेल तर ती काढून ठेवा. शेतजमिनीवर रिव्हर्स मॉर्गेज नाही.

त्याहून सोपा मार्ग कित्येकांच्या डोक्यावरच असतो: वरचा मजला. सातारा, कराड, मिरजेत विद्यार्थ्यांना आणि नोकरदारांना खोल्या हव्याच असतात. अकरा महिन्यांचा नोंदणी केलेला भाडेकरार करा आणि भाडं थेट आईच्या खात्यावर घ्या.

एक धोका मात्र ओळखून रहा. आजारपणात ‘सगळं माझ्या नावावर कर, मी बघतो’ असं म्हणणारा मुलगा किंवा पुतण्या पुढे येतो. आई-वडिलांनी बक्षीसपत्र करायचंच ठरवलं तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असं त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अट मोडली तर ते रद्द होऊ शकतं. अट लिहिलेली नसेल तर वर्षानुवर्षं खेटे. याहून बरं म्हणजे हयातीत नाव सोडूच नये, मृत्युपत्र करावं.

पाचवं काम: भावंडांचा कागद

उदाहरणातल्या घराकडे परत येऊ. खर्च २६,०००. आईचं स्वतःचं उत्पन्न, २० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत वळवले असं धरून, १३,६६७ अधिक शेतकरी योजनांचे १,०००, म्हणजे १४,६६७. कमी पडतात ११,३३३. भावंडं तीन: मोठा गावात, धाकटा नवी मुंबईत, बहीण कोल्हापुरात. आपल्याकडची सरधोपट वाटणी म्हणजे ११,३३३ भागिले तीन. आणि इथेच पुढच्या भांडणाचं बी पडतं, कारण रात्री तीनदा उठून कूस बदलणारी मोठी सून या हिशोबात कुठेच नाही.

तिच्या रात्रपाळीला आकडा लावा. बाजारात रात्रीची बाई जे घेईल तितका नको वाटत असेल तर थोडा कमी लावा, पण लावा. समजा ६,०००. आता खरा खर्च ३२,००० झाला, तूट १७,३३३, प्रत्येकाचा वाटा ५,७७८. मोठ्याच्या घराने ६,००० रुपयांचं काम दिलंय, त्याचा वाटा फिटला. धाकट्याने आणि बहिणीने दरमहा ५,७०० दिले की ११,४०० होतात आणि रोख तूट भरून निघते. मुंबईच्या भावाला हा हिशोब पहिल्यांदा ऐकताना टोचतो. त्याला दिवाळीच्या सुट्टीत चार रात्री आईजवळ झोपू द्या, मग आकड्यावर चर्चा होत नाही.

बहिणीचं आणखी एक. तिने हक्कसोडपत्रावर सही केली असेल, जमीन भावांना गेली असेल, तर पैशांचा भार जमीन मिळालेल्यांनी जास्त उचलावा. सही घेताना ‘तू परक्या घरची’ आणि आई पडल्यावर ‘तूच बघ, तुझा जीव आहे तिच्यावर’ हे चालू नये. कायद्याने मुलगीही जबाबदार आहे, हे खरं. पण न्यायाची वाटणी कायद्यापेक्षा थोडी पुढे असते.

हे सगळं एका पानावर लिहा: कुणी किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यावर, मोठं आजारपण आलं तर काय, आणि दर सहा महिन्यांनी परत बसायचं. स्टॅम्पपेपर लागत नाही. सगळ्यांच्या सह्या आणि फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर. खर्चाला आईचं एकच खातं ठेवा आणि महिन्याच्या शेवटी पासबुकाचं पान ग्रुपवर टाका. गावातल्या भावावर संशय घ्यायची सोय यातून मिटते, त्याच्याही भल्याचं आहे.

एखादं भावंड काहीच देत नसेल तर प्रांताधिकाऱ्यांपुढचं निर्वाह प्राधिकरण आहे. सातारा, कराड, वाई, फलटण अशा उपविभागांत ते प्रांत कार्यालयातच असतं. अर्ज आई स्वतः करू शकते किंवा तिने अधिकार दिलेली व्यक्ती. कायद्यात महिना १०,००० पर्यंतच्या निर्वाहखर्चाची तरतूद आहे, नोटीस बजावल्यापासून साधारण ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो, अंतरिम आदेशही मागता येतो. फार कमी जणांना माहीत असलेली एक गोष्ट: अर्ज एकाच मुलाविरुद्ध असला तरी तो मुलगा बाकीच्या जबाबदार भावंडांना त्यात ओढू शकतो. म्हणजे एकट्याने भार वाहणाऱ्यालाही इथे वाट आहे. आधी समेटाचा प्रयत्न होतो, आणि नोटीस हातात पडल्यावर बरेच भाऊ फोन उचलायला लागतात. फुकट सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि विधी सेवेची १५१००.

सह्या चालतात तोवर

आईच्या खात्यात पैसे असून काढता येत नाहीत, ही अवस्था फार वाईट. शुद्ध आणि समज चांगली आहे तोवर एका मुलाचं नाव ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीने (दोघांपैकी कुणीही एकट्याने व्यवहार करू शकेल असं) खात्याला जोडा, सगळीकडे नॉमिनी लावा. मुखत्यारपत्रावर सगळी भिस्त ठेवू नका: देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली, म्हणजे डिमेन्शिया वाढला किंवा कोमा आला, की ते कायद्याने संपतं, आणि नेमकं तेव्हाच ते हवं असतं. मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, तेवढी मुंबईची वारी वाचली.

हात चालत नसेल पण समज असेल, तर बँक अंगठा घेते. हाताचा शक्य नसेल तर पायाचाही चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी. ७० वर्षांवरील खातेदारांना घरी येऊन मूलभूत सेवा द्याव्यात, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा आदेश आहे. तो मॅनेजरला लेखी अर्जातून आठवण करून द्या. हयातीचा दाखला आता चेहरा दाखवून मोबाइलवर निघतो, पोस्टमनही घरी येऊन काढून देतो. ८० वर्षांवरील पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

करसवलत

जुन्या कर पद्धतीत असाल तरच वाचा, नव्या पद्धतीत यातलं काही नाही. विमा नसलेल्या ज्येष्ठ आई-वडिलांच्या वैद्यकीय खर्चावर ८०डी मध्ये ५०,००० पर्यंत वजावट आहे, पैसे रोख दिलेले चालत नाहीत. ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्या अवलंबून पालकासाठी ८०डीडी मध्ये सरळ ७५,०००, आणि ८० टक्क्यांवर असेल तर १,२५,०००. कर्करोग, किडनी निकामी होणं, पार्किन्सन्स, डिमेन्शिया यांसारख्या ठरावीक आजारांच्या उपचारांवर ८०डीडीबी मध्ये ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत, तज्ज्ञ डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदललेत. सीएला जुना आकडा सांगितला तरी कळतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या भावाने ही वजावट घ्यावी आणि वाचलेला कर आईच्या खात्यावर टाकावा, असं मघाच्या कागदावर लिहून घेता येतं.

मावशींचे पैसे

ब्युरोकडून बाई घेतली तर नोंदणी फी आणि कमिशन जातं, पण ती सुट्टीवर गेली की बदली मिळायला हवी. तसं पावतीवर लिहून घ्या. गावातली ओळखीची बाई स्वस्त पडते आणि जीव लावते, पण बदली तुम्हीच शोधायची. पगार खात्यावर किंवा यूपीआयने द्या, उचल दिली तर वहीत दोघांची सही. दिवाळीला एक पगार जास्त द्यायचा हे धरून वर्षाचा हिशोब तेरा पगारांचा करा. महिन्याच्या किती सुट्ट्या हे पहिल्याच दिवशी ठरवा. आणि चैत्र-वैशाखात यात्रांचे दिवस आले की जिल्हाभर शोधूनही बदली मिळत नाही. त्या आठवड्याची पाळी नवी मुंबईच्या भावाच्या नावावर आत्ताच लिहून टाका, यात्रेला तो येणारच असतो.